सात आठवड्यांनी धाकटा भाऊ

फ्रिजच्या स्टॅबिलायझरनं ‘टक्’ केलं आणि खोलीतल्या तिघीही दचकल्या. दीड तास गेलेली वीज आली होती. डोक्यावरचा पंखा एकदा कण्हला, मग भरभर फिरू लागला, आणि फरशीवर नीट मांडून ठेवलेले कागद चहूकडे उडाले. रोशनीची साडेचार वर्षांची लेक उत्पला टाळ्या पिटत त्यांच्यामागे धावली. रोशनीनं दोन कागद तळव्याखाली दाबले, एक पायाखाली. केतकी मात्र जागची हलली नाही. तिच्या दोन्ही हातांत एकेक झेरॉक्स होती आणि ती आळीपाळीनं दोन्हींकडे बघत होती. वीज यायच्या कितीतरी आधीपासून ती अशी गप्प बसली होती. एरवी ही बाई तासभर बडबडायची.

“रोशनी,” केतकी म्हणाली, “हा प्रज्ञेश तुझा सख्खा भाऊ ना?”

“हो. मोठा.”

“मोठा?”

“दोन-अडीच वर्षांनी. का हो, केतकीताई?”

केतकीनं दोन्ही कागद फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. एक रोशनीच्या पासपोर्टचं पहिलं पान. दुसरं प्रज्ञेशचं दहावीचं प्रमाणपत्र. दोन्हींवर तिनं एकेक बोट टेकवलं.

“तू चौदा एप्रिल सत्तर. तो एक जून सत्तर. कागदावर तू मोठी आहेस, रोशनी. अठ्ठेचाळीस दिवसांनी. एका बाईला सात आठवड्यांत दोन बाळंतपणं कशी गं होतील?”

रोशनीनं कागदांकडे पाहिलं. हे दोन्ही कागद तिनं किती वेळा हाताळले असतील, किती वेळा पिवळ्या पिशवीत घातले, काढले, क्रमानं लावले असतील. पण ते असे एकमेकांशेजारी कधी आलेच नव्हते. आणि आले असते तरी तारीख कोण वाचतो? तारीख म्हणजे फॉर्मातला एक चौकोन. तो भरायचा असतो.

“आजपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही?” केतकीचा आवाज चढला. “शाळेत, कॉलेजात? वाढदिवस कसे करायचात तुम्ही? का तुमच्यात करत नव्हते?”

‘तुमच्यात’ हा शब्द खोलीत जरा वेळ तसाच राहिला. केतकीलाही तो जाणवला असावा. ती पदराशी चाळा करू लागली. रोशनी तरी काय सांगणार? काचीगुड्याच्या रेल्वे क्वार्टरात निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला यायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

केतकी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या, पुष्करच्या, कॉम्प्युटरच्या नोकरीपायी तीन वर्षांपूर्वी हैदराबादला आलेली. हिमायतनगरला ती इंग्रजी बोलण्याचे वर्ग घ्यायची आणि व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करून द्यायची. जून-जुलैत तिच्या जिन्यावर चपला ठेवायला जागा उरत नसे. रोशनीकडून मात्र ती एक रुपया घेत नव्हती. उलट तिच्यासाठी अंबरपेठेतल्या या घरापर्यंत ऑटोनं यायची. तिची मुलगी रसिका बहिरी होती. मलकपेठेतल्या ज्या शाळेत रोशनी शिकवायची तिथेच ती शिकत होती. समोरच्याचे ओठ बघून शब्द ओळखायला रसिकाला रोशनीनं शिकवलं होतं, आणि पहिल्यांदा ‘आई’ म्हणायलाही तिनंच.

पण ते ‘आई’ रसिका सातव्या वर्षी म्हणाली. शाळेत आली तेव्हाच ती सहा वर्षांची होती. तोवर घरचे तिला हट्टी समजत होते. रोशनीच्या वर्गातली सगळीच पोरं अशी उशिरा आलेली. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे तपासण्याचं शास्त्र असतं, ते शिकलं तर ही वाया गेलेली वर्षं वाचतील, हे रोशनीनं डोक्यात घेतलं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं तिला दोन वर्षांच्या अभ्यासासाठी घेतलं, फी माफ केली. राहण्या-जेवणाची हमी दादानं, औरंगाबादला बँकेत असलेल्या प्रज्ञेशनं घेतली. अडलं ते व्हिसावर. गेल्या जुलैत चेन्नईच्या वकिलातीनं नाही म्हटलं. डिसेंबरात पुन्हा नाही. विद्यापीठानं दोनदा जागा पुढे ढकलली आणि तिसऱ्या पत्रात साफ कळवलं, की नव्याण्णवच्या ऑगस्टात आलात तर ठीक, यापुढे आपल्यासाठी जागा राखता येणार नाही.

आज शनिवार होता. मुलाखत मंगळवारी.

“दोन्ही वेळेला त्यांनी तुला भावाबद्दल काय विचारलं होतं?” केतकीनं विचारलं.

रोशनीला आठवलं, आणि आठवताच तिच्या कानशिलांतून गरम वाफ निघाल्यासारखं झालं. दोन्ही वेळेला काचेपलीकडच्या माणसानं हेच दोन कागद चाळले होते. दोन्ही वेळेला विचारलं होतं, हा तुमचा सख्खा भाऊ आहे का? आणि तिनं दोन्ही वेळेला मान ताठ करून सांगितलं होतं, सख्खा, साहेब. एक आई, एक बाप. त्यांना शंका आहे म्हणून तिनं ‘एक आई’ यावर जोर दिला होता.

“बाप रे,” केतकी म्हणाली. “त्यांना वाटलं असणार, ही बाई तोंडावर खोटं बोलतेय. हमी देणारा कुणीतरी भाड्याचा भाऊ आहे.”

“आता काय करू?”

केतकीनं उत्तर तयारच ठेवलं होतं. “चुलतभाऊ म्हण. आपल्याकडे चुलतभावालाही भाऊच म्हणतात, हे त्यांना माहीत असतं. म्हणायचं, आधी इंग्रजीत घोळ झाला, माफ करा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

“पण तो सख्खा आहे.”

“अगं, पण खरं सांगितलंस तर ते खोटं दिसतंय, आणि खोटं सांगितलंस तर खरं दिसेल! मी काय करू त्याला?” मग जरा मऊ होऊन ती म्हणाली, “मलाही आवडत नाही सांगायला. पण तुझं जाणं व्हावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल. मला वाटतं ना, रोशनी.”

ते खरं होतं. म्हणूनच रोशनीला तो सल्ला झिडकारता येईना.

*

संध्याकाळी रोशनी, तिचा नवरा विजय आणि उत्पला दोन गल्ल्यांपलीकडे आई-वडलांकडे गेले. वडील भिवाजी रेल्वेत तीस वर्षं पॉइंट्समन होते, त्यातली शेवटची वीस काचीगुड्याच्या यार्डात. गाड्यांचे रूळ बदलायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी खाकी शर्ट सुटला नव्हता. आई विठाबाई दारात बसून लसूण सोलत होती. उत्पला तिच्या मांडीत घुसली आणि सालं फुंकून उडवू लागली.

“आबा, माझी जन्मतारीख शाळेत कोणी सांगितली?”

“म्याच. कामून?”

“अन् दादाची?”

“त्याची आपन पूर्ण्याला व्हतो तवा तिथल्या मास्तरानं लिवलेली. त्यो मास्तर पोरगं आणलं की एक जून लिवायचा, पोरगी आणली की एक जून. इकडं बदली झाली तवा तुला शाळेत घालायला नेलं, अन् म्या म्हनलं, माझ्या लेकीला मास्तरची तारीख नको. चांगली तारीख देतो. बाबासाहेबांची दिली. चौदा एप्रिल.” एवढं सांगताना म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता.

“आणि साल?”

भिवाजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसू लागले.

“सालाचं काय?”

“आबा, साल दादाचंच दिलंत. आम्ही दोघं एकाच वर्षी झालो असं लिहिलंय. तो माझ्यापेक्षा सात आठवड्यांनी धाकटा आहे कागदावर. त्याच्यावरून मला दोनदा परत पाठवलं.”

विजय इतका वेळ गंभीर चेहऱ्यानं उभा होता. वीज मंडळात हिशेब तपासणारा माणूस. चूक सापडली की त्याला आधी हसू यायचं. ते त्यानं कसंबसं दाबलं.

“सांगा की,” विठाबाई नवऱ्याला म्हणाली. मग तिनंच लसणाचं सूप बाजूला सारलं. “पुस्तकांपायी केलं, बाई. प्रज्ञेशची तिकडची पहिली अर्धवट ऱ्हायली व्हती. इथं पुन्ना पहिलीत बसवला. पुस्तकाचा एक जोड घेतला, अन् दुसऱ्या जोडाला पैसा कुठला? तुला दोन वर्सांनी घातलं असतं, तर तवर ह्यांची तुला घरीच ठिवायची बुद्धी झाली असती. तुझी आत्या म्हनतच व्हती, पोरगी हाय, भांडी घासंल. म्हून म्या म्हनलं, दोघं एकाच वर्गात बसू द्या. एका जोडात दोघं शिकतीन. मास्तर म्हनला, लई बारीक दिसती. ह्ये म्हनले, अंगानं बारीक हाय, वयानं भावाएवढीच हाय.”

रोशनीला ती पुस्तकं आठवली. सकाळी दादा वाचायचा, संध्याकाळी ती. वहीसुद्धा एकच; दादा पुढून लिहायचा, ती मागून, आणि मध्ये कुठेतरी दोघांची गणितं एकमेकांना भिडायची. आपण हुशार होतो म्हणून लवकर शाळेत घातलं, असं तिला आजवर वाटत आलं होतं. वर्गात ती नेहमी सगळ्यांत लहानखुरी. बाकावर बसली की पाय जमिनीला टेकायचे नाहीत.

“मग मी खरी कधीची, माय?”

“दुस्काळातली. म्या खडी फोडायला जायची तवा तू पोटात. बाहत्तर सरत आलं व्हतं. थंडी व्हती, एवढं आठवतं. तारीख कोन बघतं तवा?”

“म्हणजे ही सव्वीस वर्षांची आहे?” विजयला आता राहवेना. “मामा, मला वयानं मोठी सांगून दिलीत की! तीन वर्षं मला फुकट मिळाली आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही.”

विठाबाई हसली. भिवाजी हसले नाहीत. ते उठून आत गेले, खुंटीवरची टोपी काढून आले.

“चला कोर्टात. म्या लिहून देतो. बाप चुकला म्हून लिहून देतो, अंगठा नाही, सही करतो.”

“मामा, बसा,” विजयचा आवाज बदलला. “ते लिहून दिलं की हिचा पासपोर्टच खोटा ठरतो. पासपोर्ट खोटा तर दहावी खोटी, दहावी खोटी तर नोकरी. एक तारीख उपसायला गेलो तर सगळंच उपसून येईल.”

म्हातारा टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिला. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नव्हती, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

“चुकला कामून म्हनता?” विठाबाई एकदम तडकली. “तवा घातलं नसतं तर ही आज कुठं असती? चेन्नई ऱ्हायली, मलकपेठ तरी दिसली असती का तिला? म्हनं चुकला!”

उत्पलानं आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि लसणाची पाकळी तोंडात टाकून थुंकली. “तिखट है, नक्को,” ती म्हणाली. कुणीच तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

*

रविवारी सकाळी रोशनी एसटीडी बूथमध्ये शिरली. काचेचा दरवाजा लावून घेतला. समोरच्या लाल आकड्यांवर नजर ठेवून तिनं दादाला सगळं सांगितलं. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला. मोठ्यानं, बराच वेळ.

“म्हणजे एवढी वर्षं तू मला दादा म्हणतेस ते बेकायदेशीर आहे! मीच तुला ताई म्हणायला पाहिजे.”

“दादा, मीटर पळतंय. चुलत म्हणू का सांग.”

“म्हण की. चुलत म्हण, मावस म्हण, गावातला कुणी म्हण. माझं काय जातं? तू गेली म्हणजे झालं.” मग काही क्षण नुसती खरखर. “फक्त... गणिताच्या पुस्तकाला कव्हर दर वर्षी मी घालायचो. तेवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं.”

“दादा...”

“ठेव आता, पैसे होतील.”

संध्याकाळी रोशनी आणि विजय चेन्नईला निघाले. जिन्याखाली घरमालकीण सत्यवती उभी होती. उत्पलाला ती ‘उप्पू’ म्हणायची. तेलुगूत उप्पू म्हणजे मीठ, आणि दर वेळी आपल्याच विनोदावर हसायची. “क्या रोशनम्मा, फिर चेन्नई? वहाँ की इडली इत्ती पसंद आ गई क्या?”

“हौ जी,” विजय म्हणाला, “इस बार सांबार भी लाते.”

रोशनीनं उत्पलाच्या गालावर ओठ टेकवले. पोरीनं हात झटकला. तिला सत्यवतीच्या अंगणातली मांजर बघायची होती. आजीच्या कडेवरून तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. तेच बरं झालं, असं गाडी सुटेपर्यंत रोशनी स्वतःला सांगत राहिली.

आगगाडीत तिनं केतकीनं लिहून दिलेली वाक्यं पाठ केली. माफ करा, आधी माझ्या बोलण्यात गोंधळ झाला. तो माझ्या काकांचा मुलगा आहे. पहिलं वाक्य जीभ सहज उचलायची. दुसऱ्याला ती प्रत्येक वेळी अडखळायची, एखाद्या मुलाला नवा आवाज काढायला लावावा तशी. विजय समोरच्या बाकावर शेंगा सोलत होता.

“तुम्हाला काय वाटतं?” तिनं विचारलं.

“मला विचारू नकोस. मी चुलत म्हण म्हटलं आणि मिळाला, तर जन्मभर मामांसमोर मला मान वर करता यायची नाही. खरं सांग म्हटलं आणि नाही मिळाला, तर तुझ्यासमोर.” त्यानं सोललेले दाणे तिच्या तळहातावर ठेवले. “खा. दुपारपासून पोटात काही नाही तुझ्या.”

*

मंगळवारी पहाटेपासून फुटपाथवर रांग होती. पुढे गुंटूरची तीन मुलं, नव्या कोऱ्या शर्टात, एकमेकांना प्रश्न विचारत होती. मागची एक मुलगी जप करत होती. सगळ्यांच्या छातीशी फायली. आत गेल्यावर वातानुकूलनाच्या गारव्यानं रोशनीच्या पाठीवरचा घाम थंड पडला. गुंटूरची दोन मुलं पांढरा कागद हातात घेऊन बाहेर पडली. तो नकाराचा कागद रोशनीला चांगला ओळखीचा होता. छापील, खाली सही, वर कुणाचंही नाव नाही. खिडकीच्या आत डाव्या हाताला त्याची चळत ठेवलेली असते. तिसऱ्याला व्हिसा मिळाला. तो रडत होता, आणि हसतही होता.

तिचा नंबर आला.

काचेमागचा माणूस चाळिशीचा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यानं पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं. तिथे आधीच्या दोन नकारांचे दोन शिक्के होते. मग त्यानं फाइल उघडली, दादाचं हमीपत्र काढलं, प्रमाणपत्र काढलं, आणि पासपोर्ट त्याच्या शेजारी ठेवला. शेजारी. अगदी केतकीनं ठेवला होता तसा.

त्यानं मायक्रोफोनचं बटण बंद केलं आणि शेजारच्या खिडकीतल्या बाईकडे मान वळवली. काचेतून आवाज येत नव्हता. पण रोशनीची नजर सवयीनं त्याच्या ओठांवर गेली होती. एरवी परक्या माणसाचं इंग्रजी ओठांवरून तिला कळलं नसतं. हे दोन शब्द मात्र चार दिवस तिच्या डोक्यात घुमत होते. सात आठवडे. तो म्हणाला, आणि ती बाई भुवया उंचावून हसली.

त्यानं बटण पुन्हा दाबलं.

“हाच अभ्यास का करायचा आहे?”

तिनं सांगितलं. रसिकाबद्दल, सहा वर्षांबद्दल. आपला आवाज आपल्यालाच लांबून येतोय असं तिला वाटत होतं. भावाबद्दल तो विचारतच नव्हता. आता विचारील, मग विचारील. केतकीचं वाक्य जिभेच्या टोकावर ठेवून ती उभी होती. आणि तिच्या लक्षात आलं, तो विचारणारच नाही. त्याला उत्तर मिळालेलं आहे. त्यानं मान हलवली आणि त्याचा डावा हात पांढऱ्या कागदांच्या चळतीकडे गेला.

“साहेब,” रोशनी म्हणाली, “तुम्ही माझ्या भावाबद्दल विचारलं नाहीत.”

हात थांबला.

“तो माझा सख्खा भाऊ आहे. माझ्यापेक्षा मोठा आहे. या कागदांवर तो सात आठवड्यांनी धाकटा दिसतो. तसं होऊ शकत नाही, मला ठाऊक आहे.”

“सात आठवडे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आत्ता तुम्ही म्हणालात. त्यांना.”

त्यानं बटणाकडे पाहिलं. बाईनंही मान वळवली.

“ऐकू आलं नाही, साहेब. ओठांवरून कळलं. मी शाळेत तेच शिकवते.”

तो मागे टेकला. ‘बोला’ म्हणाला नाही, ‘जा’ही म्हणाला नाही. मग ती बोलत सुटली. केतकीनं शिकवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. तिचं इंग्रजी मध्येच अडकत होतं आणि पुन्हा वाट काढत होतं. पूर्ण्याचा मास्तर, एक जून. वडलांनी निवडलेली चांगली तारीख. पुस्तकांचा एकच जोड, दोघांत एक वही. वय वाढवलं म्हणून आपण शाळेत बसलो, नाहीतर बसलो नसतो.

“म्हणजे या पासपोर्टवरची जन्मतारीख खोटी आहे?”

विजयनं ज्याची भीती घातली होती तोच प्रश्न. रोशनीनं काउंटरची कड घट्ट धरली.

“माझ्या सगळ्या कागदांवर हीच तारीख आहे. मला दुसरी नाही. मी जन्मले तेव्हा ती कुणी लिहिली नाही.”

“मग मी तुमच्या कुठल्या कागदावर विश्वास ठेवू?” तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. पानं उलटता उलटता त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. “तुम्हाला एक मुलगी आहे. तिची तारीख?”

“चार नोव्हेंबर चौऱ्याण्णव. शुक्रवार. सकाळी सहा चाळीस. वजन दोन किलो सातशे.” हे तिला आठवावं लागलं नाही.

“ती तुमच्याबरोबर येणार?”

“नाही. ती हैदराबादला राहील. तिच्या वडलांजवळ, माझ्या आईजवळ.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं.” रोशनी काचेच्या आणखी जवळ सरकली. “ती इथे आहे म्हणून मी परत येणार. दुसरं काही माझ्याजवळ दाखवायला नाही, साहेब. घर भाड्याचं आहे.”

तो बराच वेळ लिहीत होता. मागच्या रांगेत कुणीतरी शिंकलं. डावा हात चळतीवरून उठला, पासपोर्ट उचलला आणि दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवला.

“तीन वाजता घेऊन जा,” तो म्हणाला. आणि मायक्रोफोन बंद करून, मुद्दाम ओठ सावकाश हलवत, आवाजाशिवाय आणखी दोन शब्द. गुड लक.

*

बुधवारी घर माणसांनी भरलं. केतकी पेढे घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, “चुलत म्हणालीस ना?” रोशनीनं नकारार्थी मान हलवली तेव्हा ती पेढ्यांचं खोकं घेऊन तशीच खुर्चीत टेकली. मग उठून रोशनीच्या गळ्यात पडली. सत्यवतीनं वर येऊन सांबाराची चौकशी केली. भिवाजींनी पासपोर्ट हातात घेतला, व्हिसाचं पान पाहिलं, मग पहिलं पान उघडून चौदा एप्रिलवरून अंगठा फिरवला. खाकी शर्टाच्या वरच्या खिशात तो घालून बघितला, मावतो का म्हणून.

“पुन्ना सांग,” ते म्हणाले. “त्यो हात कसा थांबला?”

रोशनीनं तिसऱ्यांदा सांगितलं. आता तिला सांगायची लय सापडली होती. दारामागच्या खुर्चीला तिनं खिडकी केलं, त्या माणसासारख्या बाह्या दुमडल्या, शेजारच्या बाईच्या भुवया उडवून दाखवल्या. विठाबाई पदर तोंडावर धरून हसत होती. विजय पेढा खात कौतुकानं बघत होता.

“मग त्यानं विचारलं, मुलगी तुमच्याबरोबर येणार का? मी म्हटलं, नाही. ती इथेच राहणार, म्हणून तर मी परत येणार! बस्स, तेवढं ऐकलं आणि त्यानं पासपोर्ट उचलला.”

“शाब्बास,” भिवाजी म्हणाले. केतकीनं टाळी दिली.

उत्पला इतका वेळ खाटेखाली पेढ्याच्या खोक्याशी खेळत होती. ती बाहेर आली. तोंडाला पेढा लागलेला, केसांत जळमट. सगळ्यांच्या पायांतून वाट काढत ती रोशनीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि आईची दुमडलेली बाही तिनं ओढून खाली केली.

“आई,” ती म्हणाली, “मला इथं ठेवून जाणार, म्हणून सोडलं का त्यानं तुला?”